न तुटणारी गट

ही रॅकेट ह्याच्या आधी कुणी विणलीय? खरं सांग. मिरजेचं नाव मात्र घिऊ नगंस, सकाळी सकाळी डोस्कं फिरंल माजं. पुण्याची हाय म्हणतोस? मग बस त्या स्टुलावर. फौजेतला माणूस हाय मी, एकदा कामाला लागलो की हात थांबत न्हाई आन तोंडबी थांबत न्हाई.

हसतोस काय रं? मिरजेच्या त्या तंबोरेवाल्याचं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. नाथाजी हवालदार मोहिद्दीनवर जळतो, हे साताऱ्यात समद्यांना ठावं झालंय. जळतो. लपवायचं काय त्यात? तुज्या पोटची पोर दुसऱ्याच्या हाताचं कौतुक करायला लागली तर तूबी जळशील गड्या. ऐक, पहिल्यापासनं सांगतो.

एकाहत्तरची लढाई झाली आन वर्साभरात मी पेन्शन घिऊन गावाकडं आलो. पलटणीत मी बंदुकीपरास रॅकेटच जास्ती धरली. आफिसरांच्या मेसमागं बॅडमिंटनचं कोर्ट हुतं, त्याची देखभाल माज्याकडं. तिथल्या एका मद्रासी सुभेदारानं मला गट विणायला शिकवली. गट म्हंजे रॅकेटची दोरी. पूर्वी जनावराच्या आतड्याची यायची, आता नायलॉनची येती. भोकातनं काढायची, दात खाऊन वढायची, आन सुटू नये म्हणून भोकात आरी दाबून धरायची. चांभाराची असती तसलीच आरी, फकस्त टोक बोथट. सुभेदार म्हणायचा, तंबूची दोरी आन रॅकेटची गट, ढिली पडली की इज्जत गेली. ते माज्या डोस्क्यात पक्कं बसलं.

हितं पोवई नाक्यावर हे खोकं टाकलं आन बघता बघता नाव झालं. नाथाजीची गट तुटत न्हाई. क्लबातली वकीलमंडळी म्हणायची, कॉलेजातली पोरं म्हणायची. माजी एक खूण हाय बघ. दोरीचं टोक मी लाखेत बुडवतो, म्हंजे ते सुईगत ताठ होतं आन भोकात सरळ जातं. कासाराकडची लाल लाख. काम झालं की गाठीपाशी एवढासा लाल ठिपका ऱ्हातो. तो ठिपका दिसला की समजायचं, ही रॅकेट हवालदाराच्या हातनं गेलीय.

माजी एकुलती पोरगी सुला. तिच्या हातात रॅकेट मीच दिली. परड्यात दोन बांबू रवले, मधे मासे धरायचं जुनं जाळं बांधलं, आन सुट्टीवर आलो की सकाळ-सांज तिला खेळवायचो. पोरगी अशी तयार झाली की फूल, म्हंजे तुमचं शटल, जमिनीला टेकू द्यायची न्हाई. तिची रॅकेट मी सोडून दुसऱ्या कुणी कवा विणली न्हाई. आन तिची तर मी जरा जास्तच वढायचो. पोरीची हाय म्हणून ढिली ठिवली, असं कुणी म्हणाय नगं. नखानं वाजवली की कण्णकन आवाज यायचा. लोकं म्हणायची, हवालदार, पोरीची रॅकेट हाय का तोफ? मला लय बरं वाटायचं.

म्याट्रिक झाली आन तिला सांगलीला कॉलेजात घातली. तिथं तिचा मामा ज्ञानू ऱ्हातो, साखर कारखान्यात हाय. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला आली तवा बादली डाव्या हातानं उचलायची. माजी मंडळी राहीबाई म्हणली, "आवं, पोरीचं कोपर दुखतंय वाटतं." मी म्हणलं, "कॉलेजात जाऊन नाजूक झालीय. फौजेत कोपर दुखतंय म्हणलं असतं तर साहेबानं ग्राउंडाला चकरा मारायला लावल्या असत्या." सुला तिथंच हुती. तिनं बादली उजव्या हातात घेतली आन गेली आत. जाताना मी तिला नवीकोरी गट विणून दिली, नेहमीपरास जास्तच ताणून. मनात म्हणलं, सांगलीकरांना कळू द्या सातारा काय चीज हाय.

आन दिवाळीला आली ती घरात आग घिऊनच.

पोरगी आली की आधी तिच्या रॅकेटचं कव्हर काढायचं, ही माजी सवय. काढलं आन रॅकेट उजेडात धरली. लाल ठिपका न्हाई. गाठी चपट्या, बारीक, दिसत न्हाई का काय अशा. जाळीवर बोट फिरवलं तर मऊ लागली.

"ही कुणाची गं?"

"तुमची तुटली आबा," ती म्हणली. माज्याकडं बघत न्हवती, करंज्यांचा डबा उघडत हुती.

"माजी तुटली? माजी?"

"व्हय. तुटली."

"कुठं तुटली? काठाला का मधे?"

"मधे."

"आन मग ही?"

"मिरजेला मोहिद्दीनचाचा हायत. तंबोरे, सतारी करतात. तारा वढायचा हात हाय म्हणून कॉलेजातल्या पोरींनी एकदा रॅकेट दिली त्यांच्याकडं. तवापासनं समद्या त्यांच्याकडंच जातात. लय हलकी झालीय आबा. फूल कसं आपसूक जातं."

चाचा! ऐकलंस? हिच्या सख्ख्या काकाला ही कवा एवढ्या मायेनं काका म्हणली न्हाई, आन तो मिरजेचा भोपळेवाला चाचा. चिवड्याची बशी मी बाजूला सारली. मी नखानं गट वाजवली. आवाज म्हणावा तर ढुम्म. "ही काय रॅकेट हाय का पीठ चाळायची चाळण?" म्हणलं. सुला हसली न्हाई. राहीबाई मात्र पदर तोंडाला लावून म्हणली, "आवं, गट हाय ती. सवत घरात आल्यागत काय बघताय तिच्याकडं?"

सवतच की. दुसरं काय?

दुसऱ्या दिशी ह्या खोक्यावर लालासाहेब वकील आले. क्लबात रोज खेळणारे, माजं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सकाळी सुलासंगं खेळून आले हुते. म्हणले, "नाथाजी, पोरीची रॅकेट बघितलीस का? काय विणलीय रे! मिरजेला कोर्टाचं काम हाय माजं, जाताना माजीबी घिऊन जावी म्हणतो."

"जावा की," मी म्हणलं. "येताना एक तंबोराबी आणा. खेळून झालं की क्लबात भजनाला बसा."

ते हसत गेले. माज्या अंगाचा मात्र भडका उडाला. पोरगी गेली, गिऱ्हाईक चाललं, उद्या हे पोवई नाक्यावरचं कुत्रंबी मिरजेला जाईल. त्या इरेतच घरी गेलो. मायलेकी शेजारणीकडं फराळाला गेल्या हुत्या. खुंटीवर सुलाची रॅकेट टांगलेली. सुट्टी संपली की सांगलीत कॉलेजांच्या स्पर्धा हायत, हे मला ठावं हुतं. म्हणलं, त्या स्पर्धेत माजी पोरगी मिरजेची जाळी घिऊन उतरती का सातारची, ते मी ठरवणार. कातर घेतली आन मोहिद्दीनची जाळी मधनं टराटरा कापून टाकली. खोटं कशाला बोलू, कापताना लय गोड वाटलं.

म्होरं जे झालं ते तुला सांगतो, पण कुठं बोलू नगंस. तसं समद्यांना ठावं हायच.

काही भोकातनं दोन-दोन दोऱ्या जातात. तिथं आरी जपून घालायची, नाहीतर आधीच्या दोरीला टोक लागतं. हे मी शिकाऊ पोरांना घसा कोरडा होईस्तवर सांगितलंय. पण रागाच्या भरात मी जपलो न्हाई. आरी गेली ती सरळ आधीच्या दोरीत. ताण दिला आन फट्कन तुटली. मी म्हणलं, असू दे. दुसरी दोरी घेतली. उभ्या दोऱ्या झाल्या, आडव्यांना सुरवात केली. आडवी दोरी सावकाश सरकवायची, भसकन वढली की उभीला घासून तिला भाजून काढती. मी वढली भसकन. मनात मोहिद्दीन, हातात दोरी. उभी तुटली ती माज्या गालाला चाटून गेली.

तिसऱ्या खेपेला मी माणसात न्हवतो. उभ्या दोऱ्या मधनं धरायच्या असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं, म्हंजे लाकडावर भार सारखा पडतो. बैलजोडीला नांगर सारखा लागतो तसं. मी मात्र एकाच अंगाला वढत सुटलो. फ्रेमचं तोंड वाकडं व्हायला लागलं, मला दिसतबी हुतं, पण थांबवंना. चाचा काय, हलकी काय, आपसूक काय! दात खाऊन एक हिसडा दिला.

कट्ट!

ह्या बारीला दोरी न्हवती तुटली. लाकूड तडकलं हुतं.

वर बघितलं तर दारात सुला. वरडली असती, रडली असती तरी चाललं असतं. ती गपचिप आली, रॅकेट हातात घेतली, तड्यावरनं बोट फिरवलं आन म्हणली, "आबा, ह्याच रॅकेटवर माजा हात बसलाय वो." बास, एवढंच. आत गेली. राहीबाई मात्र गप बसणारी न्हवं. म्हणली, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची तुमची जुनीच खोड हाय. तो मिरजेचा बसला असंल भाकरी खात. हितं पोरीचं नुकसान केलं न्हवं?"

सुताराकडं गेलो. त्यानं रॅकेट उलटीपालटी करून बघितली आन हात जोडले. "हवालदार, पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या हायत ह्या. मी रंधा मारणारा माणूस. असलं नाजूक सरसाचं काम मिरजेचे तंबोरेवालेच करत्यात."

मी त्याला काय म्हणलं ते सांगत न्हाई. जिथं तिथं मिरज! देवानं ह्या मुलखात दुसरं गाव ठिवलंच न्हाई जणू.

सुट्टी संपायच्या आधीच सुला सांगलीला गेली, सरावाला. कॉलेजातली एक रॅकेट मागून घेते म्हणली. कुणी विणलेली ते मी इचारलं न्हाई, इचारायची गरज न्हवती. ती गेली आन घर खायला उठलं. दोन दिस मी त्या तडकलेल्या रॅकेटकडं बघत काढले. पोरगी परक्या रॅकेटवर खेळणार, हरली तर माज्यामुळं हरणार, आन जिंकली तर मोहिद्दीनमुळं जिंकणार. दोन्हीकडनं माजंच मरण. शेवटी रॅकेट पिशवीत घातली आन मिरजेची एसटी धरली. लाज? लाज पिशवीच्या तळाला घातली आन वर रॅकेट ठिवली.

मोहिद्दीनचं दुकान म्हंजे एक लांबुडकी खोली. आढ्याला भोपळे टांगलेले, लहान-मोठे, समदी जमीन भुश्शानं भरलेली. मला वाटलं हुतं कुणी तरणा, केस वळवणारा असंल. बघतो तर माज्याच वयाचा, मेंदीनं रंगवलेली दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी रॅकेट म्होरं केली. त्यानं उजेडात धरली आन कपाळाला आठ्या घातल्या.

"कुठल्या गाढवानं वढलीय ही? एकाच अंगाला?"

"मीच तो गाढव," मी म्हणलं. "सुलाचा बाप."

गडी चष्मा काढून उठलाच. धोतरानं चटईवरचा भुस्सा झाडला. "आवं हवालदारसाहेब! माफी करा. बसा बसा. रहिमतबी, च्या टाक गं, सातारचं पावणं आल्यात." मला असला राग आला. शिवी दिल्यावर माफी मागितली की भांडाय येत न्हाई माणसाला.

बसलो. त्यानं सरस गरम केला, काडीनं तड्यात भरला, पट्ट्या दाबून बसवल्या. हात चांगला हुता. हे कबूल करायला आजबी जड जातं मला, पण चांगला हुता. मग सरस वाळंस्तवर फ्रेम आवळून बांधायची म्हणून त्यानं मागच्या खिळ्यावरनं दोरीच्या तुकड्यांची एक जुडी काढली. आन मी बघतच ऱ्हायलो. एका तुकड्याच्या टोकाला लाल लाख.

"ही कुठली वो?"

"तुमचीच की," तो म्हणला. "पोरीच्या रॅकेटची. लय चिवट माल, टाकवंना. तंबोऱ्याला भोपळा चिकटवला की बांधायला बरी पडती."

मी जुडी त्याच्या हातनं घेतली आन चटईवर एक-एक तुकडा मांडला. तुला एक सांगून ठिवतो. दोरी तुटली की तिचं टोक फुटतं, कुंच्यागत पसरतं. कातरीनं कापली की टोक सरळ ऱ्हातं. एखादी दोरी तुटल्यावर बाकीची जाळी कापूनच काढत्यात, पण कुठंतरी एक जागा फुटलेली सापडायलाच पायजे. मी सगळे तुकडे बघितले. डोळ्यांजवळ नेऊन बघितले. एकबी टोक फुटलेलं न्हवतं.

"ही तुटली कुठं?" मी इचारलं.

"तुटली? कोण म्हणतं तुटली?" मोहिद्दीन सरसाची वाटी पुसत हुता. "धडधाकट हुती. मीबी पोरीला म्हणलं, चांगली विणलीय, ऱ्हाऊ दे. तर तिनं कातर मागून घेतली आन स्वतःच्या हातानं कापली. मला हात लावू दिला न्हाई. कापत हुती आन रडत हुती."

"का?"

त्यानं माज्याकडं बघितलं. बोलू का नगं, असं झालं असावं त्याला. मग म्हणला, "कोपर सुजलं हुतं तिचं. पेनसुदीक धरवत न्हवतं. एवढ्या ताणाचा हिसका समदा हातात येतो न्हवं. म्हणली, चाचा, मला हिच्यावर खेळता येत न्हाई, आन आबांना सांगता येत न्हाई."

च्या आला हुता. तसाच निवला.

खरं सांगू गड्या? मला वाटलं हुतं, आता राग निवंल. न्हाई निवला. उलटा वाढला. गट मोहिद्दीननं विणली, विणू दे मेल्याला. पण माज्या पोरीचा हात दुखतोय, हे तिनं माज्या म्होरं न बोलता त्याच्या म्होरं सांगितलं. भोपळ्यांच्या खोलीत, परक्या माणसापाशी. बादली ह्या हातातनं त्या हातात घेतली ती माज्या म्होरं, आन रडली त्याच्या म्होरं. त्या रडण्याचा मला एवढा हेवा वाटला, एवढा हेवा वाटला की आयुष्यात कुणाच्या बढतीचा वाटला न्हवता.

सांगलीला ज्ञानूच्या घरी उतरलो. जेवायला बसलो तवा सुलानं भाकरी वाढायला डावा हात म्होरं केला. मग माज्याकडं बघून पटकन उजवा केला. मी घास मोजून चावला. सकाळी म्हणलं, "चल माज्यासंगं मिरजेला. तुजी रॅकेट वाळली असंल."

मोहिद्दीनच्या चटईवर मी बसलो, म्होरं सुलाला बसवली. माजी दोरी, माजी लाख, माजी आरी, समदं पिशवीत आणलं हुतं. पहिली दोरी भोकातनं काढली आन इचारलं, "किती वढू?"

"वढा की आबा, नेहमीगत."

"नेहमीगत न्हाई. तुला पायजे तेवढी. तू बास म्हण."

तिनं माज्याकडं बघितलं. मग मोहिद्दीनकडं बघितलं. तो शाणा माणूस, एकदम कुठला तरी भोपळा आतनं खरवडायला लागला. मी दोरी धरली.

"बास," सुला म्हणली.

"आगं, आत्ताशी तर हातात धरलीय!"

"बास, आबा."

असं एकेका दोरीला. मी जरा वढायचो, ती बास म्हणायची. सुरवातीला हळू म्हणत हुती, घाबरत. मग मोठ्यानं म्हणायला लागली. एकदा मी चोरून एवढीशी जास्त वढली तर माज्या मनगटावर चापट मारली कारटीनं. लहानपणी मिशा वढायची ना, तशी हसली. माजा जीव मात्र तुटत हुता. एवढी ढिली जाळी मी जन्मात विणली न्हवती. तो सुभेदार असता तर त्यानं माजी फीत काढून घेतली असती. शेवटच्या गाठीपाशी लाल ठिपका दिसला तवा मोहिद्दीननं हात म्होरं करून नखानं गट वाजवली. "छान बोलती," म्हणला. मी म्हणलं, "तुमाला इचारलं न्हाई."

आता फायनलचं ऐक. जिंकली ती, हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे मधे मधे इचारणार न्हाईस. आन जिंकली ती मोहिद्दीनच्या रॅकेटनं. जळतोय मी अजून, काय म्हणणं हाय?

हॉल गच्च भरला हुता. मी म्होरच्या बाकावर, आन शेजारी कोण? दाढीला नवी मेंदी लावून मोहिद्दीन. बाकावर जागाच तेवढी उरली हुती. समोरची पोरगी कोल्हापूरची, उंच, धिप्पाड. एक गेम हिनं घेतला, एक तिनं. सुला माज्या गटवर खेळत हुती आन फूल खरंच आपसूक जात हुतं, हे मी तुला म्हणून सांगतो, तिला अजून म्हणलेलो न्हाई. तिसऱ्या गेमात ऐन रंगात फूल उंच आलं. सुलानं उडी मारून हाणलं. फूल बसलं काठाला.

फट्ट!

समद्या हॉलला ऐकू गेलं. नाथाजीची गट तुटली. एवढ्या वर्सात खेळताना पयल्यांदा, एवढ्या लोकांत, आन मोहिद्दीनच्या मांडीला मांडी लावून बसलेलो असताना. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मान वर करवंना. आता पोरगी येणार, पिशवीतनं त्याची रॅकेट काढणार, आन हा दाढीत हसणार.

पायांचा आवाज आला. सुला बाकापाशी आली हुती. घामानं भिजलेली, धापा टाकत. पंच घाई करत हुता. तिनं माजी रॅकेट माज्या मांडीवर ठिवली. तुटलेली दोरी जाळीतनं वढून तिचं टोक माज्या डोळ्यांम्होरं धरलं. फुटलं हुतं. कुंच्यागत पसरलं हुतं.

"आबा," ती म्हणली, "ही खरंच तुटली."

तिला ठावं हुतं. मी ते तुकडे बघितल्यात, हे तिला ठावं हुतं. कवापासनं, कुणी सांगितलं, मी आजतागायत इचारलं न्हाई. मी फकस्त मान हलवली. ती पिशवीतली दुसरी रॅकेट घिऊन परत कोर्टात गेली. मोहिद्दीनला काय दावलं न्हाई तिनं. तो शेजारीच बसला हुता बरं का, हातभर अंतरावर. माज्याकडं आली ती. त्याचं तोंड तवा बघण्यासारखं झालं हुतं, आन खरं सांगतो, मी ते पोटभर बघून घेतलं.

त्या खिळ्याला टांगलेला तुकडा दिसतोय का? तोच तो. लालासाहेब परवा म्हणले, "अरे, गिऱ्हाइकाच्या म्होरं तुटलेली गट टांगतोस व्हय? काढ ती." मी म्हणलं, "खोकं माजं हाय."

हां, तुज्या उभ्या दोऱ्या नुसत्या ओवून झाल्या बघ, वढल्या न्हाईत अजून. आता हिकडं सरक, समोर बस. कोपर दाव. दुखतं का? लाजू नगंस, हितं कुणी साहेब न्हाई. मी वढतो, तू बास म्हण.